नेक्स्ट स्टेशन ऐरोली

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता (शाळेतला प्रत्यक्ष सराव) मी नवी मुंबईतल्या रबाळे-घणसोली पट्ट्यातल्या एका पालिका शाळेत केली. मराठी माध्यम, पहिलीचा वर्ग, पटावर चौतीस मुलं. आईवडील कोण, तर तुर्भ्याच्या मार्केटातले माथाडी, एमआयडीसीत कंत्राटावर जाणारे, गावठाणातली आगरी घरं आणि ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये साफसफाईला जाणाऱ्या बायका.

इंग्रजीचा माझा पहिला सराव पाठ शरीराच्या अवयवांवर होता. पाठाचं टाचण चार पानी, तक्ता रंगीत, शब्द पाच: हेड, आय, इअर, नोज, हँड. मी तक्त्यावर छडी टेकवून शब्द म्हणायचे, मुलं पाठोपाठ म्हणायची. मग मी तो फळ्यावर लिहायचे आणि मुलं वहीत चार-चार वेळा उतरवायची. निरीक्षणाच्या वहीत शेरा मिळाला, ‘पाठ उत्तम, फलकलेखन सुवाच्य.’ दुसऱ्या दिवशी तक्ता न लावता मी नुसतं म्हटलं, “टच युअर इअर.” वर्ग माझ्याकडे बघत राहिला. दोघांनी नाकाला हात लावला. एका मुलीने वही उघडून माझ्यापुढे धरली. तिच्या वहीत तो शब्द चारही वेळा बिनचूक होता.

त्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात आगगाडी चालली होती. एकाचा सदरा दुसऱ्याने धरलेला, अशी दहा-बारा मुलं. सगळ्यात पुढचा तोंडाशी मूठ धरून म्हणत होता, “पुढील स्टेशन ऐरोली. अगला स्टेशन ऐरोली. नेक्स्ट स्टेशन ऐरोली.” लोकलमधल्या त्या बाईची लकब अगदी जशीच्या तशी होती, शेवटच्या शब्दावरचा उतार धरून. मी विचारलं, “नेक्स्ट म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “पुढचं, बाई.” इतकं साधं काय विचारता, असा त्याचा चेहरा.

‘नेक्स्ट’ त्याला कुणी शिकवला नव्हता, आणि ‘इअर’ मी टाचण काढून शिकवला होता. वर्षभर मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहत आले आहे आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. मराठी शाळेत पहिली-दुसरीची इंग्रजी कानाने आणि तोंडाने शिकवावी, तिथे वहीला घाई करू नये. हे करणारी शिक्षिका अध्यापक विद्यालयात तशाच पद्धतीने, बोलत-ऐकत घडवावी. आणि हे जमेपर्यंत पहिलीपासून सेमी इंग्रजीचा, म्हणजे मराठी शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा, जो धडाका चालू आहे तो थांबवावा.

पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलांना ती पाचवीत भेटायची. मराठीचं काय होणार, मुलांवर ओझं पडेल का, असे वाद तेव्हा खूप झाले. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेल्या मुलांनी आज तिशी ओलांडली आहे. मी स्वतः २००९ सालची पहिलीवाली. बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकले, दरवर्षी पासही झाले. अध्यापक विद्यालयात पहिल्या आठवड्यात इंग्रजीतून ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा पाठ केलेली चार वाक्यं म्हणाले आणि पाचवं सुचेना. आमच्या तुकडीत बहुतेक जणींचं तेच झालं. आम्ही कुणी मंद नव्हतो. आम्हाला इंग्रजी लिहून शिकवली होती. ज्यांनी शिकवली त्यांनाही ती लिहूनच मिळाली होती.

आता पुढच्या पिढीला ती देणार कोण, तर आम्हीच. म्हणून भाषांच्या संख्येवरून पेटणाऱ्या वादांपेक्षा मला ही साखळी जास्त काळजीची वाटते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. ते मागे घेतले हे योग्यच झालं. पण त्या अडीच महिन्यांत भाषा किती आणि कितवीपासून यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या मानाने ती सहा वर्षांच्या मुलाला कोण शिकवणार आणि त्या शिकवणाऱ्याला कोण शिकवणार, हा विषय फारच थोड्यांनी काढला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी इंग्रजी अध्यापनावर जो तज्ज्ञगट होता त्याने आपल्या टिपणात म्हटलं होतं की इंग्रजी कितवीपासून हा प्रश्न आता लोकांच्या आकांक्षांना राजकारण काय उत्तर देतं यावर ठरतो, त्यामुळे लवकर की उशिरा ही शैक्षणिक चर्चा जवळजवळ गैरलागू झाली आहे. मला ते पटतं.

आणि त्या आकांक्षेला मी नावं ठेवणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला आहे. ती म्हणाली, “बाई, लिफ्टमध्ये ती पोरं इंग्रजीत बोलतात, आम्ही भिंतीला चिकटून उभं राहतो. माझ्या पोरानं असं भिंतीला चिकटू नये एवढंच.” या बाईला मातृभाषेचं महत्त्व सांगून परत पाठवायचं माझ्याने होणार नाही. तिला इंग्रजी हवी आहे आणि तिचं बरोबर आहे. माझं भांडण आहे ते तिच्या मुलाच्या हातात इंग्रजी म्हणून जे ठेवलं जातं त्याच्याशी.

आता प्रत्यक्ष वर्गात काय होतं ते सांगते.

पहिलीचं मूल त्याच वर्षी मराठी वाचायला शिकत असतं. मराठी अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज बहुधा एकच असतो. क म्हणजे ‘क’, मग तो कमळात असो की चाकात. काना लावला की ‘का’, वेलांटी दिली की ‘कि’. एकदा हे गणित बसलं की मूल न पाहिलेला शब्दही वाचतं, आणि ज्या दिवशी ते रस्त्यावरची पाटी पहिल्यांदा वाचतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याच मुलाला आपण त्याच आठवड्यात सांगतो की हा सी. पण ‘कॅट’मध्ये तो ‘क’ होतो आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. एच या अक्षराच्या नावात ‘ह’ कुठेच ऐकू येत नाही, आणि डब्ल्यूच्या नावात ‘व’चा मागमूस नाही. एक मुलगा कॅटची अक्षरं बरोबर ओळखून ती जोडून वाचायचा, “सीएटी.” त्याची काय चूक? बाराखडीने त्याला शिकवलंय की जे नाव तोच आवाज, आणि तो शिकवलेलं इमानाने पाळत होता. सव्वीस अक्षरांवर इंग्रजी चाळीसहून जास्त आवाजांचा संसार चालवते. हा संसार समजायला आधी ते आवाज कानात असावे लागतात. ज्याने ‘कॅट’ हा शब्द पन्नास वेळा ऐकला आहे, मांजराकडे बोट दाखवून म्हटला आहे, त्याला नंतर ती तीन अक्षरं दाखवली तर तो फार अडत नाही. ज्याने तो आधी फळ्यावर पाहिला त्याला ते चित्र उतरवण्यापलीकडे काही करता येत नाही.

मराठी कानाकडे भांडवलही आहे, ते कुणी वापरत नाही. ‘जरा’मधला ज आणि ‘जीव’मधला ज हे दोन वेगळे आवाज आपली मुलं जन्मापासून बोलतात. त्यामुळे इंग्रजीतला झेडचा आवाज त्यांना जवळजवळ आयता येतो, नुसतं म्हणायचं, “जरा-मधला ज आठव.” उलट व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक आपल्या कानाला लागत नाही. बनियनचा वेस्ट आणि ठाणे वेस्टमधला वेस्ट देवनागरीत लिहिले तर सारखेच, आणि आपण बोलतोही सारखेच. इथे खालचा ओठ दातांना लावायचा, तिथे दोन्ही ओठ गोल करायचे, हे आरशात बघून मुलं दहा मिनिटांत शिकतात. त्यांना त्यात मजा येते. तोंड वेडंवाकडं करायची परवानगी वर्गात एरवी मिळते कुठे!

वाक्याचंही तसंच. “वेअर इज द पेन?” विचारलं की वर्गातून उत्तर यायचं, “टेबल ऑन.” आपण ‘टेबलावर’ म्हणतो, वस्तू आधी आणि ‘वर’ मागून. एक मुलगी म्हणाली, “शी इज माय पेन्सिल,” कारण पेन्सिल ती असते. या चुकांवर लाल शाई फिरवणं सोपं आहे. पण या चुका मराठीच्या व्याकरणातून, अगदी नियमाने आलेल्या आहेत. इंग्रजी सफाईदार पण मराठी मुळीच नाही अशा शिक्षिकेला इथे चूक दिसेल, तिचं मूळ दिसणार नाही. आम्हाला ते दिसू शकतं. इंग्रजी शिकवणाऱ्याची मराठी पक्की असणं ही या वयात मोठी जमेची बाजू आहे, आणि अध्यापक विद्यालयात आम्हाला हे एकदाही कुणी सांगितलं नाही. मी मुलांचे जेवणाचे डबेच घेतले. खडू डब्यात टाकायचा, डब्यावर ठेवायचा, डब्याखाली लपवायचा. इन द डबा, ऑन द डबा, अंडर द डबा. ‘डबा’ला बॉक्स का म्हणत नाही असं मला एका निरीक्षकांनी विचारलं. मुलाने एका वेळी एकच नवी गोष्ट उचलावी म्हणून. ‘ऑन’ पक्का झाला की बॉक्स यायला किती वेळ लागतो?

जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली. भाषा शिकणाऱ्याला आधी सूचना ऐकू द्यायच्या आणि त्या शरीराने करू द्यायच्या. बोलायची सक्ती नाही. तान्हं मूल असंच शिकतं, महिनोन् महिने नुसतं ऐकतं, ‘बॉल आण’ म्हटलं की आणतं आणि बोलतं नंतर. माझ्या वर्गात एक मुलगी सात आठवडे इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. पण “स्टँड अप, टर्न अराउंड, टच द डोअर” म्हटलं की दाराला सगळ्यात आधी हात तिचा. नोंदीच्या तक्त्यात तिच्यापुढे मी काय लिहावं? रकाना होता ‘तोंडी प्रतिसाद’. नियमाने पाहिलं तर शून्य. अशी कितीतरी मुलं आपण पहिलीतच इंग्रजीत कच्ची ठरवून टाकतो आणि ती तसंच मानून दहावीपर्यंत जातात. त्या रकान्याशेजारी ‘ऐकून कृती केली’ असा एक रकाना वाढवायला पैसा लागत नाही.

सेमी इंग्रजीबद्दल मला जास्त ठामपणे बोलायचं आहे. मराठी शाळांचा पट घसरू नये म्हणून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे, ही ती सोय. वरच्या वर्गांत तिचा विचार जरूर व्हावा. पण कितीतरी शाळांनी ती पहिलीपासून लावली आहे. आंतरवासितेच्याच काळात मी दुसरीच्या एका सेमीच्या वर्गात निरीक्षणाला बसले होते. फळ्यावर उदाहरण होतं, रवीकडे आठ आंबे, त्याने तीन सोनूला दिले, आणि शेवटी प्रश्न, “हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट?” बाईंनी विचारलं, लेफ्ट म्हणजे काय? अर्ध्या वर्गाने डावा हात वर केला. कवायतीच्या तासाला लेफ्ट-राइट रोज करतात ना. बाई अनुभवी होत्या, त्यांनी लगेच मराठीत सांगितलं, “किती उरले?” आणि क्षणात उत्तर आलं, पाच. म्हणजे गणित येत होतं. इंग्रजीने ते झाकून टाकलं होतं. आणि इंग्रजी तरी वाढली का? लेफ्टचा दुसरा अर्थ ज्या शांतपणे, खेळून शिकायला हवा होता तो वजाबाकीच्या घाईत निसटून गेला. एका तासात दोन विषय बुडाले.

एक मुद्दा सेमीच्या बाजूचा आहे आणि तो मी मान्य करते. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह म्हणजे आधी वीस मग पाच, लिहितो त्याच क्रमाने. मराठीत पंचवीस, त्रेसष्ट, एकोणऐंशी, प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडवाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढी टीका झाली. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तिची बाजू शांतपणे मांडली होती, आणि लहान मुलांना शिकवल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं. पण त्यावरचा उपाय मराठीतच होता. संख्या सोप्या करायच्या म्हणून सगळं गणितच परक्या भाषेत न्यायचं कारण नाही. शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलं आहे की शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार शिक्षकांना तर घरगुती अनुभवानेच पटेल: वाचणं, तर्क लावणं, अर्थ काढणं ही कौशल्यं मूल एका भाषेत नीट शिकलं की दुसऱ्या भाषेत ती त्याच्याबरोबर जातात. ज्याला मराठीत उदाहरण समजून सोडवता येतं त्याला पुढे इंग्रजी शब्द तेवढे शिकायचे राहतात. ज्याला कुठल्याच भाषेत समजलेलं नाही त्याच्याबरोबर काय जाणार?

मग आमचं प्रशिक्षण. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीवर नेमता येणार नाही, लहान मुलांना शिकवायचं शिक्षण वेगळं असतं. आमच्या विद्यालयात पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला, पण त्याबरोबर जबाबदारीही आली. लहान मुलांसाठीचं ते वेगळं कौशल्य आमच्याकडे खरंच आहे का? सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे छोट्या पाठांच्या सरावाला, आम्हीच एकमेकींचे विद्यार्थी. वीस वर्षांच्या मुली बाकांवर बसून “गुड मॉर्निंग टीचर” म्हणतात, विचारलेल्या प्रश्नाला तत्पर उत्तर देतात. सहा वर्षांच्या मुलाची शांतता, मधेच “बाई, मना शू लागलीय” म्हणत उठणं, चुकीचं उत्तर आनंदाने ओरडणं यातलं काहीच तिथे भेटत नाही. टाचणातली उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, रकाने भरण्यात रात्री जातात. इंग्रजी अध्यापन पद्धतीचा पेपर आम्ही मराठीत समजून घेऊन इंग्रजीत पाठ केला आणि चांगले गुण मिळवले. दोन वर्षांत माझ्या तोंडून सलग पाच मिनिटं इंग्रजी निघाली आहे का, हे तपासणारी परीक्षा मला भेटली नाही.

मला हवं ते फार महाग नाही. पहिल्या दिवसापासून अध्यापक विद्यालयात रोज अर्धा तास इंग्रजीत बोलणं-ऐकणं, गुणांविना, चुकायला मोकळीक असलेलं. विखुरलेल्या सराव पाठांऐवजी एकच वर्ग सलग काही महिने, म्हणजे काल शिकवलेलं आज उरलं का हे आमचं आम्हालाच दिसेल. आणि निरीक्षकांनी मागच्या बाकावर बसून फळ्याकडे बघण्याऐवजी मुलांकडे बघावं, कितींना समजलं ते मोजावं. उच्चारांची भीती तर आधी काढून टाकायला हवी. माझी इंग्रजी ठाण्याची आहे आणि ती तशी असायला हरकत नाही, फक्त ती स्पष्ट असावी आणि वर्गात रोज ऐकू यावी. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आहेत, त्यातून आवाज ऐकवता येतात, मीही ऐकवले. पण मूल अडलं तर मोबाइल थांबून वाट बघत नाही.

हे आपल्या देशात, साध्या शाळांत, करून पाहिलेलं आहे. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही नेहमीच्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली, नकाशे वाचायचे, रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी शोधायची. मन अर्थामध्ये गुंतलं की भाषा आपोआप बसते, हा त्यामागचा विचार. मी हे वाचलं तेव्हा मला व्हरांड्यातली आगगाडी आठवली. आणि साहित्य कुठून आणायचं असं कुणी विचारलं तर बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांकडे बघावं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. हा सगळा भाग २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. माँटेसरीचं तत्त्व त्यांनी घेतलं, पण महागडी साधनं न मागवता पानं, शंख-शिंपले, खडे वापरले. मुलं शाळेत येईनात तेव्हा अनुताई वाघांच्या साथीने शाळा पाड्यावर नेली. आमच्या मुलांच्या अवतीभवती स्टेशनं आहेत, रिक्षा, दुकानांच्या पाट्या, मोबाइलचे चार्जर आहेत. शेकडो इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात आधीच आहेत आणि ते त्यांना मराठीच वाटतात. पहिल्या महिन्यात मी नवा शब्द शिकवलाच नाही, तेच शब्द गोळा करून वाक्यात बसवले. वर्गात खुर्च्यांची गाडी केली, दीघापासून तुर्भ्यापर्यंत. “हू इज नेक्स्ट?” “व्हॉट इज द नेक्स्ट स्टेशन?” “गेट डाउन अ‍ॅट रबाळे.” उतरताना जो तो स्वतःहून “थँक्यू” म्हणायला लागला. तो मी शिकवला नव्हता.

आंतरवासितेच्या शेवटच्या आठवड्यात ती हाउसकीपिंगला जाणारी आई शाळेत आली. शेजारच्या शाळेत पहिलीपासून सेमी आहे, तिथे नाव घालू का, असं विचारत होती. मी तिला म्हटलं, ताई, पाचवीपर्यंत त्याचं गणित मराठीतच राहू द्या. इंग्रजीसाठी जिथे बाई वर्गात रोज इंग्रजी बोलतात ती शाळा बघा, माध्यमाची पाटी नंतर वाचा. आणि घरी आल्यावर आज इंग्रजीत काय लिहिलंस असं त्याला विचारू नका, काय ऐकलंस ते विचारा. ती म्हणाली, “ते मला कळेल का?” मी म्हटलं, तो करून दाखवेल. ती हसली आणि त्याला हाक मारली. तो मैदानात गाडीच्या सगळ्यात पुढे होता.